उजेड पाह्यला, सूर्य नाई

एका माणसाला पार उत्तर ध्रुवाच्या वाटेवर जाऊनही सूर्य दिसला नाही, म्हणून माझी नोकरी वाचली. हे वाक्य मी आजवर पुष्कळांना ऐकवलं आहे. ऐकणारा आधी माझ्याकडे बघतो, मग माझ्या पिकल्या केसांकडे बघतो आणि हळूच विषय बदलतो. बदलू दे. गोष्ट खरी आहे, आणि ज्या माणसाची आहे त्याच्याबद्दल लिहिताना थाप मारायची माझी छाती नाही.

ते माझे घरमालक. अमरावतीच्या जुन्या वस्तीत त्यांचं घर, वरूडकडे संत्र्यांची बाग. सगळी गल्ली त्यांना काकाजी म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागलो. उंच, रुंद हाडाचे, धोतर, काळा कोट, काळी टोपी. नजर अशी, की समोरच्यानं नकळत आपल्या सदऱ्याची बटणं चाचपून बघावीत. बोलणं कमी, आणि त्यातलं निम्मं एकाच प्रश्नात संपायचं. कोणी काही सांगितलं की काकाजी विचारायचे, "तुमी पाह्यलं काय?"

आता आपण दिवसभर जे बोलतो त्यातलं पाहिलेलं किती असतं? अमक्याची सून भांडकुदळ आहे, तमक्याच्या विहिरीला पाणी लागलं, यंदा कापसाला भाव येणार. सगळं ऐकलेलं. त्यामुळे काकाजींच्या ओट्यावर गप्पा म्हणून रंगत नसत. माणूस उत्साहानं सुरू करायचा आणि त्या एका प्रश्नापाशी येऊन तंबाखू मळायला लागायचा. ओट्यावर पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचं काम काकाजींकडे होतं. प्रत्येक बातमीच्या शेवटी ते म्हणायचे, "असं छापलं हाये." मुंबईत गिरणी कामगारांचा संप झाला, असं छापलं हाये. चांदूरला बिबट्या निघाला, असं छापलं हाये. भाच्यासाठी मुलगी बघून आले तेव्हा सगळं घर दारात उभं राहिलं. मुलगी कशी आहे? काकाजी म्हणाले, "चहा चांगला करते. तेवढं पाह्यलं."

मला त्यांनी खोली दिली तीही अशीच. नागपूरच्या दीक्षेनंतर आमचं अकोल्याकडचं सगळं घर बौद्ध झालेलं. मी अमरावतीच्या सरकारी शाळेत भूगोलाचा मास्तर म्हणून लागलो आणि खोली शोधत फिरू लागलो. तेव्हा एक चमत्कार मी रोज बघायचो. रिकामी खोली माझं आडनाव ऐकल्याबरोबर भरून जायची. काकाजींच्या दारात गेलो तेव्हा पाय दुखत होते आणि डोकं तापलेलं होतं. नमस्कार न करताच आडनाव सांगितलं, आणि वर म्हटलं, "आमी बौद्ध हाओत. खोली नसन द्यायची तर आताच सांगा."

काकाजी म्हणाले, "भाडं येळेवर देता काय?"

"देतो."

"पाहू," ते म्हणाले, आणि किल्ली काढून दिली.

दुसऱ्या दिवशी शेजारचे एक गृहस्थ ओट्यावर येऊन बसले. मी आत माझी ट्रंक उघडत होतो, मला ऐकू जावं अशा बेतानंच ते बोलत होते. "काकाजी, तुमी भोळे हाव. या लोकायचं तुमाले माहीत नाई."

"तुमी पाह्यलं काय?"

"त्यात पाह्यचं काय? सारेच म्हणतात."

"साऱ्यायनं पाह्यलं काय?"

गृहस्थ उठून गेले. मी ट्रंकेवर बसून राहिलो. आजवर माझी बाजू कोणी घेतली नव्हती असं नाही, पण ती घेताना लोकांचा आवाज चढायचा, डोळ्यांत उपकार दिसायचे. या माणसानं बाजूच घेतली नाही. त्यानं फक्त पुरावा मागितला.

काकूंची गोष्ट वेगळी होती. काकू मायाळू, पण जन्माच्या सवयी त्यांच्याही हाताला होत्याच. मला पाणी द्यायचा तांब्या त्यांनी पायरीच्या कोपऱ्यात वेगळा ठेवला होता. मला तो दिसायचा. मी पाणी बाहेरूनच पिऊन यायचो.

गल्ली काकाजींना चक्रम म्हणायची, पण सांभाळूनही घ्यायची. कारण एकदा अकोल्याहून तार आली होती, त्यांचा चुलतभाऊ गेला म्हणून. घरात रडारड झाली, सुतकाच्या आंघोळीचं पाणी तापलं. काकाजींनी तार वाचली, खिशात घातली आणि म्हणाले, "मी पाहून येतो." आंघोळ न करता, डोळ्यातून टिपूस न काढता ते अकोल्याच्या मोटारीत बसले. बायकांनी नावं ठेवली. रात्री जेवणाच्या वेळेला परत आले आणि टोपी खुंटीला लावत म्हणाले, "जिता हाये. वांग्याची भाजी खाऊन राह्यला होता. मीबी खाल्ली." तार दुसऱ्याच कुणाच्या घरची, पत्ता चुकून इकडे आलेली. तेव्हापासून गल्लीतलं कोणी आजारी असलं, की लोक डॉक्टरच्या आधी काकाजींना जाऊन बघून यायला सांगायचे.

आता त्या प्रवासाबद्दल. त्याचं खापर काकू माझ्या डोक्यावर फोडायच्या, आणि त्यात तथ्य होतं.

मी ओट्यावर मुलांच्या वह्या तपासत होतो. काकाजी शेजारी बसून उलट्या बाजूनं वाचत होते. एका वहीत लिहिलं होतं, ध्रुवाकडच्या प्रदेशात उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही. मी त्यावर बरोबरची खूण केली.

"मास्तर," काकाजी म्हणाले, "तुमी पाह्यलं काय?"

"नाई."

"मंग बरोबर काहून म्हटलं?"

"पुस्तकात हाये, काकाजी."

"पुस्तकवाल्यानं पाह्यलं?"

मी वैतागलो. पृथ्वीचा आस कसा कलला आहे ते समजावायला आतून कंदील आणला, काकूंच्या टोपलीतलं संत्रं घेतलं आणि ते कंदिलाभोवती फिरवून दाखवलं. काकाजींनी सगळं नीट पाहिलं. मग संत्रं माझ्या हातातून घेऊन सोललं, अर्धं मला दिलं आणि म्हणाले, "हे संत्र्याचं झालं."

त्यानंतर बरेच दिवस गेले. मग एक दिवस काकाजी मुंबईला गेले आणि परत येऊन सांगितलं, की अक्षय तृतीया झाली की जहाजानं निघायचं. आधी विलायत, तिथून हौशी लोकांना नॉर्वेच्याही वर, बर्फाच्या बेटांकडे नेणारं दुसरं जहाज असतं, त्यानं पुढं. बंदोबस्त मुंबईच्या संत्र्यांच्या अडत्यानं केला होता. सरकारी परवानगी त्यानं कशी मिळवली असं मी विचारलं, तर म्हणाले, "मी पाह्यलं नाई."

काकूंनी कपाळावर हात मारला. "काशीले चला म्हणून जन्मभर म्हणून राह्यली, तं तुमाले गर्दी होते. आन् आता बर्फात चालले?" पण बाई मनानं मोठी. दोन दिवस रुसून तिसऱ्या दिवशी सातूचं पीठ दळायला बसली. कुरोड्या, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं, आणि जुन्या लुगड्यांची एक जाडजूड गोधडी. निघायच्या दिवशी सगळी गल्ली स्टेशनवर. काशीला निघालेल्या माणसाला देतात तसे लोकांनी नारळ दिले, बायकांनी ओवाळलं. मग कोणीतरी म्हणालं, "काकाजी, काशीहून आल्यावर मावंदं घालतात. तुमचं काय?"

मावंदं म्हणजे यात्रा सुखरूप झाली, देवाचं दर्शन झालं, म्हणून गावाला घातलेलं जेवण. काकाजी गाडीच्या दारात उभे होते. म्हणाले, "रात्रीचा सूर्य आपल्या डोयानं पाहून येतो. पाह्यला, की साऱ्या गल्लीले रोडगे आन् वांग्याची भाजी."

काकूंनी तो शब्द पदराला गाठ मारून ठेवला. काशी नाही तर नाही, मावंदं तरी होणार होतं. पावसाळा सुरू झाला तेव्हापासून त्या मोठी भांडी कोणाकडून आणायची, माहेरचं कोण कोण येईल, हे बोलायच्या. बायका पाया पडतील तेव्हा नेसायचं लुगडं त्यांनी मला, म्हणजे पायरीच्या या बाजूला उभ्या असलेल्या मला, उलगडून दाखवलं होतं.

काकाजी पोळ्याच्या आधी परतले. वाळले होते. स्टेशनवर हार घातले, ताशा लावला. ताशाच्या आवाजात काकू त्यांच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "पाह्यला ना?" काकाजींनी नुसती मान हलवली. ती हो होती की नाही, हे ताशावाल्यासकट कोणालाच कळलं नाही. सगळ्यांनी हो धरली.

आमच्या शाळेत सत्कार ठरला. हेडमास्तर मूळचे पुण्याचे. कडक, टापटिपीचे, आणि वऱ्हाडी बोली कानावर पडली की कपाळावर आठी घालणारे. पण या प्रसंगानं तेही हरखले होते. आमच्या गावच्या माणसानं मध्यरात्रीचा सूर्य पाहिला, असा फलक त्यांनी स्वतःच्या हातानं रंगवला. कार्यक्रमाआधी काकाजींनी तो वाचला आणि हेडमास्तरांना बाजूला घेतलं. मी जवळच होतो.

"हे पुसा. मी नाई पाह्यला."

हेडमास्तरांचा चेहरा उतरला. "म्हणजे? तुम्ही गेलाच नाहीत?"

"गेलो. धुकं होतं."

"अहो, मग काय बिघडलं? सूर्य धुक्यामागे होताच की. तुम्ही फक्त पाहिला एवढंच म्हणा. मी हात जोडतो. इतकी माणसं आली आहेत, मुलं आली आहेत. मुलांसमोर शोभा होईल."

"लेकरायसमोर?" काकाजींनी विचारलं. "लेकरायसमोर खोटं बोलू म्हणता?"

फलक तसाच राहिला. त्याच्याखाली काकाजी उभे राहिले आणि त्यांनी आयुष्यातलं एकमेव भाषण केलं. मला ते पाठ आहे, कारण ते फार मोठं नव्हतं.

"मी बर्फाच्या मुलखात जाऊन आलो. तिथं धुकं होतं. आपल्या नदीवर पौषात असते तसं नाई, डोयाले कापूस बांधल्यावानी. जहाज भोंगा वाजवत वाजवत चाललं होतं. बेटावर उतरवणार होते, ते काई उतरवलं नाई. कप्तान म्हणे, तिकडं पहाड हायेत. असतील. मी नाई पाह्यले. पाण्यात बर्फाचे तुकडे पाह्यले, खाटेएवढे. एका खलाशानं बोट दाखवलं, म्हणे पांढरं अस्वल. सारे ओरडले. मले पिवळा ठिपका दिसला. रात्री बारा वाजता मी पंचांग काढून पाह्यलं, तं वाचता आलं. म्हंजे उजेड पाह्यला. सूर्य नाई पाह्यला. परत येतानी कप्तानानं साऱ्यायले छापील सर्टिफिकिट वाटलं, का यायनं रात्रीचा सूर्य पाह्यला म्हणून. मी त्याले म्हटलं, आय नो सी. तो हसला, म्हणे साऱ्यायलेच देतो. मी त्याच्या टेबलावर ठेवून आलो. झालं."

सभागृहात कोणी टाळी वाजवली नाही. मग मागून एक आवाज आला, "मंग मावंदं?"

"दर्शन झालं नाई, तं मावंदं कायचं?" काकाजी म्हणाले आणि खाली बसले.

मग मात्र लोक हसले. असे हसले की हेडमास्तरांना घंटा वाजवायला लावावी लागली. मी काकाजींकडे बघत होतो. ते समोर बघत होते. पहिल्या रांगेत काकू नवं लुगडं नेसून बसल्या होत्या, त्यांनी पदर तोंडावर ओढून घेतला होता.

पुढं कित्येक महिने गल्लीनं काकाजींची पाठ सोडली नाही. सकाळी ते ओट्यावर आले, की कोणीतरी विचारायचं, "काकाजी, आज सूर्य उगवला काय?" काकाजी खरंच वर बघायचे आणि सांगायचे, "हाव. पाह्यला." पण काकूंना ते सोसत नव्हतं. एकदा त्या मला म्हणाल्या, "एवढ्या दूर गेले, धडानं आले, एक शब्द बोलाचा होता, मास्तर. कोण जाणार होतं तिथं पाहाले? आता बाया मले धुकेवाल्याची बायको म्हणतात."

खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायचं. त्या कार्तिकात आंबिया बहाराची संत्री तोडणीला आली होती आणि दर रविवारी काकाजी मला बागेत ओढून न्यायचे. इतर बागवाले व्यापाऱ्याला बाग उभी दाखवून नुसत्या अंदाजानं सौदा करत. काकाजींना तो अंदाज पटत नसे. ते एकेका झाडाखाली जाऊन वर बघायचे आणि शेंड्याकडचं दिसलं नाही की मला झाडावर चढवायचे. भूगोलात पदवी घेतलेला मी, फांदीवर बसून फळांचं वर्णन सांगायचो. अशाच एका संध्याकाळी बांधावर बसलो असताना मी विषय काढला.

"काकाजी, सूर्य तिथं होताच ना. नाईतं उजेड कोणाचा होता?"

"तुमी हिशेबानं सांगून राह्यले. हिशेब बरोबर असन तुमचा. पण मी हिशेब कराले नोतो गेलो, पाहाले गेलो होतो." मग ते म्हणाले, "मले लई वाटत होतं, मास्तर, का पाहावं. सारे खाली जेवाले गेले, तरी मी वर उभा राहो. फाटलं धुकं तं आपण नसाव, असं नको व्हायले. शेवटच्या दिवशी जहाज माघारी वळलं, तवा रडलो एक डाव." आणि मग नेहमीच्या आवाजात, "कोणी पाह्यलं नाई."

समोर सातपुड्याकडे संत्र्याच्या रंगाचा सूर्य बुडत होता. तो पूर्ण बुडेपर्यंत काकाजी बघत राहिले.

निवडणुकीचे वारे सुरू झाले होते. सरकारी मास्तरानं प्रचारात पडलेलं चालत नसे, सापडला तर नोकरी जायची. कौंडण्यपूरची कार्तिकातली जत्रा झाली आणि माझ्याविरुद्ध अर्ज गेला, की जत्रेच्या रविवारी दुपारी मी तिथं एका पक्षाचा झेंडा घेऊन घोषणा देत होतो. अर्ज करणारा आमच्याच शाळेतला एक मास्तर, माझ्या जागेवर डोळा ठेवून असलेला. मी त्या जत्रेला गेलोच नव्हतो. पण माझ्या आडनावाच्या माणसानं झेंडा धरला असेल, यावर विश्वास ठेवायला लोकांना फार कष्ट पडत नव्हते. गावाकडे आई-बाप, शिकणारा भाऊ, सगळे माझ्या पगारावर. मला जेवण जाईना.

चौकशीला वरचे साहेब आले आणि शाळेच्याच सभागृहात बसले. दारंखिडक्या माणसांनी भरून गेल्या. बायकांच्या घोळक्यात काकूही होत्या. साहेबांनी त्या मास्तरला विचारलं, "तुम्ही स्वतः पाहिलंत?"

तो म्हणाला, "माझ्या साडूनं पाहिलं."

"मंग साडूले बोलवा," मागून काकाजी म्हणाले. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं आणि त्यांना पुढं बोलावलं.

काकाजी पुढं झाले. "त्या रविवारी हे मास्तर वरूडले माझ्या बागेत होते. मी आपल्या डोयानं पाह्यलं."

"दिवसभर?"

माझा जीव भांड्यात पडायच्या बेतात होता. हो म्हणा, मी मनात म्हणालो. फक्त हो.

"नाई," काकाजी म्हणाले. "जेवल्यावर मी झाडाखाली झोपलो. तवा नाई पाह्यलं. झोपलो तवा हे झाडावर होते, उठलो तवा झाडावरच होते. मधलं मी सांगू शकत नाई."

सभागृहात कुजबुज झाली. मला खरोखर राग आला. मरू दे तुमचा खरेपणा काकाजी, तुमचं काय जातं, घर माझं बसतं आहे. साहेबांनी पेन उचललं. "म्हणजे तक्रारीत जी दुपारची वेळ आहे, नेमकी त्याच वेळेचं तुम्हाला माहीत नाही."

"हाव."

तेव्हा हेडमास्तर उभे राहिले. मला वाटलं, हे आता उरलंसुरलं संपवणार. सत्काराच्या दिवसापासून ते काकाजींशी बोलले नव्हते.

"साहेब," ते म्हणाले, "वरुडाहून कौंडण्यपूर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. एका डुलकीत कोणी जाऊन येत नाही, हे एक. दुसरं सांगतो ते लिहून घेतलंत तरी चालेल. हे गृहस्थ मध्यरात्रीचा सूर्य बघायला उत्तर ध्रुवाकडे गेले होते. तिथं धुक्यामुळे सूर्य दिसला नाही. याच सभागृहात मी यांना हात जोडून विनवलं, की पाहिला एवढंच म्हणा. खरंखोटं बघायला तिथं कोण जाणार होतं? हे नाही म्हणाले. गाव यांना हसलं. घरात यांच्याशी कोणी बोलेना. तरी नाही म्हणाले. आज यांना खोटी साक्ष द्यायची असती तर ती झोप सांगितली असती का? साहेब, हा माणूस पाहिलं म्हणतो, म्हणजे ते झालेलं असतं. पुण्यात मला असा माणूस भेटला नाही."

शेवटचं वाक्य बोलायला हेडमास्तरांना किती कष्ट पडले असतील, ते मला ठाऊक आहे.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "खरंच नाही दिसला?"

"नाई दिसला," काकाजी म्हणाले. "उजेड पाह्यला."

साहेबांनी अर्ज बाजूला ठेवला. म्हणाले, तक्रारीत तथ्य नाही. मागं कोणीतरी टाळी वाजवली, आणि मग सगळं सभागृह टाळ्या वाजवू लागलं. सत्काराच्या दिवशीच्या राहिलेल्या टाळ्या होत्या त्या. मला रडू आवरलं नाही. आवरायचा प्रयत्नही केला नाही.

बाहेर आलो तर काकू वाटेत उभ्या. नवऱ्यासमोर जाऊन म्हणाल्या, "आता घाला मावंदं."

"कायचं? मी कुठं पाह्यला..."

"तुमी नसन पाह्यलं. एवढ्या लोकायनं तुमचं खरं मानलं, ते मी पाह्यलं. आपल्या डोयानं."

काकूंनी उत्तराची वाट बघितली नाही, त्या मोठी भांडी आणायला गेल्या.

मावंदं झालं. अंगणात गोवऱ्यांवर रोडगे भाजले, वांग्याच्या भाजीनं गल्लीचे डोळे पाणावले. हेडमास्तर धोतर सावरून बसले आणि वऱ्हाडी तिखटानं लालबुंद झाले. काहीजण माझ्यामुळे आले नाहीत. काकाजींनी त्यांची चौकशी केली नाही. मला त्यांनी आपल्या शेजारी बसवलं. काकू पाणी वाढत आल्या. त्यांच्या हातात घरातला पितळी तांब्या होता, काकाजींचा. त्यांनी आधी माझा पेला भरला, मग त्याच तांब्यानं काकाजींचा. मी तांब्याकडे बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणाल्या, "काय पाहून राह्यले, मास्तर? जेवा."

त्यानंतर मी अमरावतीत आणि अकोल्याला आयुष्यभर भूगोल शिकवला. दरवर्षी तो धडा यायचा. पृथ्वीचा आस समजावून झाला, कंदील आणि संत्रं फिरवून झालं, की मी खडू खाली ठेवायचो आणि मुलांना सांगायचो, "उन्हाळ्यात तिथं मध्यरात्री पंचांग वाचता येईल एवढा उजेड असतो. हे आमच्या अमरावतीच्या माणसानं स्वतः पाहिलं आहे. सूर्य मावळत नाही, असं पुस्तकात छापलं आहे."